किल्ली माझ्याकडेच आहे

ॲन आर्बर,
१४ डिसेंबर

प्रिय निमिष,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. बाबा बाहेरच्या खोलीत क्रिकेटची जुनी मॅच लावून बसलेत आणि निकाल पाठ असूनही ओरडतायत. फोन सोडून पत्र कशाला, तर फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मी ‘गाडी’ म्हटलं की तू “आई, प्लीज, परत तोच टॉपिक नको ना” म्हणतोस आणि तुला मीटिंग आठवते. पत्राला मध्येच तोडता येत नाही. मराठीतही मुद्दाम लिहितेय. रविवारच्या मराठी शाळेत जेवढं शिकलास तेवढ्यावर तुला एकेक ओळ लावून वाचावी लागेल, म्हणजे नुसतं वरवर चाळून बाजूला टाकता येणार नाही. अडलं तर देवयानीला विचार, बायकोचं मराठी तुझ्याहून बरं आहे. शेवटचा भाग मात्र एकट्यानेच वाच.

दिवाळीत तू आलास आणि फराळाच्या ताटावरच विषय काढलास. आई सहासष्टची, बाबा एकाहत्तरचे, आठवड्यातून तीन दिवस त्यांचं डायलिसिस, सेंटर अकरा मैलांवर आणि त्यात मिशिगनचा हिवाळा, हे सगळं तू आम्हाला असं समजावून सांगत होतास, जणू ते दुसऱ्याच कुणाबद्दल आम्ही पेपरात वाचलं असावं. म्हणून मी ड्रायव्हिंग बंद करायचं, बाबांना न्यायला-आणायला व्हॅन लावायची, आणि बर्फ वितळला की घर विकून तुमच्याकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला यायचं. किल्ली दे म्हणून तू हातसुद्धा पुढे केलास. मी त्या हातावर चकल्यांचा डबा ठेवला आणि विषय संपवला, कारण सणासुदीला मला रडारड नको होती. पण उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आज देतेय.

आधी तुझ्या त्या व्हॅनचं सांगते. डायलिसिस सुरू झालं त्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही व्हॅनच लावली होती. मी तेव्हा उन्हाळ्यात गाडी चालवायचे, पण बर्फ पडला की किल्लीला हात लावत नसे. दोनदा ती व्हॅन तास-तासभर उशिरा आली. तिसऱ्यांदा, जानेवारीतल्या एका शुक्रवारी, आलीच नाही. आम्ही दोघं कोट-टोप्या घालून दाराशी खुर्च्यांवर बसलो होतो, मुंजीला निघाल्यासारखे. फोन केला तर “रोड्स आर बॅड, मॅम” एवढंच उत्तर. सेंटरनं पुढची वेळ रविवारची दिली. शनिवारी दुपारी बाबांचे पाय सुजून पायमोज्यांत मावेनात आणि चार पावलं चाललं तरी धाप लागायला लागली. सोफ्यावर टेकून बसले होते, मला म्हणाले, “घाबरू नकोस.” मी घाबरले होतेच, पण त्याहून मला राग आला. दारात गाडी उभी, माझ्या पर्समध्ये लायसन्स, आणि मी बर्फाला भिऊन नवऱ्याच्या पायांकडे बघत बसलेली! हे तुला तेव्हा पूर्ण सांगितलं नव्हतं. तुझी नवी नोकरी होती.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी बाबा मला बंद पडलेल्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये घेऊन गेले. म्हणजे गाडी मीच नेली, ताशी दहा मैलांनी, बाबा शेजारी. लॉटवर दोन इंच ताजा बर्फ होता. ते म्हणाले, “आता वेग घे आणि जोरात ब्रेक दाब.” मला वाटलं डायलिसिसनं डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांनी मला मुद्दाम गाडी घसरवायला लावली, एकदा नाही, वीस-पंचवीस वेळा. ब्रेक दाबला की पायाखाली खडखड होते, ती ब्रेक काम करत असल्याची खूण, पण पाय दचकून उचलावासा वाटतो, तो उचलायचा नाही. मागची बाजू भरकटली की ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही, लावायचा, आणि जिथे जायचंय तिकडे बघून चाक हळू वळवायचं. ज्या खांबाला घाबरून त्याच्याकडे बघत राहू, त्यालाच जाऊन धडकू, असं ते म्हणाले. सुईच्या हाताला पट्टी बांधलेला माणूस शेजारी बसून “परत, परत” म्हणत होता आणि आम्ही दोघं हसत होतो. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, पण मला तो रविवार सगळ्यात जास्त आवडतो.

तू कधी विचारलं नाहीस की आई हिवाळ्याची तयारी काय करते. तिकडे पावसाची सर आली तरी तुमच्या बातम्यांत येते, आणि तिथे बसून तू मला बर्फ शिकवतोस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच! तर ऐक. आमच्याकडे सुरुवात खंडेनवमीला होते. तुझे आजोबा त्या दिवशी वर्कशॉपमधली हत्यारं पुसून पूजेला मांडायचे. मी गाडीच्या डिकीतलं सामान मांडते. बर्फ उपसायचं घडीचं फावडं, काच खरवडायची खरवडणी, जंपर केबल, टॉर्च, दोन जुनी ब्लँकेटं, आणि मांजराच्या शी-शूसाठी दुकानात मिळते त्या मातीची एक पिशवी. मांजर नाही पाळलेलं. चाक बर्फात नुसतं गरगरायला लागलं की ती माती खाली पसरायची, मग टायरला पकड मिळते. सगळ्याला हळद-कुंकू, झेंडूचं एकेक फूल, आणि पूजा करता करता एकेक वस्तू तपासायची. टॉर्च लागतो का, ब्लँकेट कोरडं आहे का, मागच्या वर्षीची चिक्की मऊ पडली का. पूजेत ठेवलेली वस्तू मोडकी कशी चालेल? त्यामुळे माझं काही राहून जात नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गाडी डेलच्या गॅरेजमध्ये. डेल हा सत्तरीतला गृहस्थ, बोलतो कमी. बॉनेटवरचं माझं हळदी-कुंकवाचं स्वस्तिक त्याने पहिल्या वर्षी बोटानं दाखवून विचारलं, मी सांगितलं की आज यंत्रांचा मान असतो. तेव्हापासून तो गाडी धुतो पण तेवढा भाग सोडून. तो बॅटरी तपासतो, कारण थंडीत सगळ्यात आधी तीच दगा देते. इंजिनातलं कूलंट किती थंडीपर्यंत गोठणार नाही ते बघतो, वायपरची रबरं बदलतो. बर्फाचे टायर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी चढतात. हवा मी स्वतः दर पंधरा दिवसांनी बघते, थंडी वाढली की ती आपोआप कमी होते. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली कधी जाऊ देत नाही. निघण्याआधी छतावरचा बर्फसुद्धा काढते, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो सगळा पुढच्या काचेवर येतो. आणि कुठे अडकून पडलो, हीटर चालू ठेवायचा असला, तर आधी खाली उतरून मागचा धुराचा पाइप बर्फातून मोकळा करायचा, नाहीतर धूर आत येऊन माणूस झोपेतच जाईल. तुला यातलं किती माहीत होतं? तुझ्या गाडीत तर खरवडणीसुद्धा नसेल.

चुका झाल्याच नाहीत असं म्हणत नाही. मागच्या फेब्रुवारीतली थर्मासची गोष्ट तुला ठाऊक आहे. काच धुवायचं निळं पाणी संपत आलं होतं, मी त्यात नळाचं साधं पाणी घातलं, पुण्यात आपण तसंच करायचो. ते नळीतच गोठलं. पुढच्या ट्रकनं बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा चिखल उडवला आणि काच पांढरी फटक. दिवे लुकलुकते ठेवून मी बंद पेट्रोल पंपावर गाडी काढली, आणि शहाणीनं काय केलं, तर बाबांच्या प्यायच्या गरम पाण्याचा थर्मास काढून काचेवर ओतला! एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. बाबांना गाडीत डुलकी लागली होती. ते जागे झाल्यावर मी सांगितलं, दगड उडाला. डेललाही तेच सांगितलं. त्यानं तड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निळ्या पाण्याचे दोन कॅन डिकीत ठेवून दिले. खरी गोष्ट मी फक्त तुला सांगितली. फोनवर आपण दोघं किती हसलो होतो. “आई, यू आर इम्पॉसिबल,” म्हणालास.

आता नवीन बातमी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात राज्याच्या लायसन्स ऑफिसचं पत्र आलं. तुमच्या गाडी चालवण्याबद्दल काळजी व्यक्त करण्यात आली आहे, तरी पुन्हा परीक्षेला यावं, डोळ्यांची, लेखी आणि रस्त्यावरची. नापास झाले तर लायसन्स जाणार. मी ते पत्र उभ्याउभ्या तीनदा वाचलं. लायसन्स गेलं तर सोमवार, बुधवार, शुक्रवार कोण नेणार? परत ती व्हॅन आणि परत त्या दाराशी खुर्च्या. पण काळजी व्यक्त केली कुणी, ते पत्रात नव्हतं. मला लगेच शेजारच्या सीमाचा संशय आला. तिने तडा गेलेली काच पाहिली होती, आणि दिवाळीच्या फराळाला आली तेव्हा म्हणालीही होती, “काकू, या विंटरला तुम्ही रिस्क नका घेऊ.” झालं! मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिने पाठवलेला तिळगूळ-बिळगूळ नाही, चांगला केळ्यांचा ब्रेड होता, तो मी तसाच परत केला. एका कॉलनीत राहून महिनाभर मी तिला पाण्यात पाहत होते.

बाबांना सांगितलं की वय झाल्यावर सगळ्यांनाच बोलावतात. त्यांना ते पटलं, आणि त्यांना कामच मिळालं. डायलिसिसच्या खुर्चीत साडेतीन तास पडून ते माझी परीक्षा घ्यायचे. पुस्तिका एका हातात, दुसरा हात मशीनला, आणि “बर्फात पुढच्या गाडीपासून अंतर किती?” असा खणखणीत प्रश्न. मी चुकले की शेजारच्या खुर्चीतले पेशंटसुद्धा हळहळायचे. नर्सनं एकदा मला चोरून उत्तर सांगितलं तर बाबांनी तिलाही झापलं. लेखी परीक्षेत माझा एकच प्रश्न चुकला, तोही शाळेच्या बसचा. डोळ्यांची परीक्षा चष्म्यासकट व्यवस्थित झाली.

रस्त्यावरची परीक्षा मागच्या मंगळवारी होती आणि पहाटेपासून बर्फ पडत होता. परीक्षा घेणारी बाई देवयानीच्या वयाची. खिडकीबाहेर बघून म्हणाली, “वी कॅन रीशेड्यूल, मॅम.” पुढे ढकलली असती तर कोरडा, उन्हाचा एखादा दिवस मिळाला असता. क्षणभर मोह झालासुद्धा. पण मी तिला सांगितलं की बाई, माझ्याविरुद्धची तक्रार बर्फात चालवण्याबद्दलच असणार, मला कोरड्या रस्त्यावर पास करून तुम्हाला काय कळणार? आजच घ्या. तिने खांदे उडवले आणि कोट चढवला. मी छत झाडलं, दिवे पुसले, मग बसले. भीती वाटत होती, निमिष, खोटं कशाला बोलू. ह्यूरॉन नदीच्या पुलावर मी आधीच वेग कमी केला, कारण पुलाखालून वारं जातं आणि रस्त्याआधी पूल गोठतो. पुढची लाल गाडी उतारावरच्या सिग्नलला घसरून आडवी झाली. मी ब्रेक दाबला, पायाखाली खडखड झाली, पाय उचलला नाही. लाल गाडीपासून चांगल्या दोन गाड्यांच्या अंतरावर थांबले. बाईने डॅशबोर्डला धरलेला हात हळूच मांडीवर ठेवला. ऑफिसात परत आल्यावर म्हणाली, “हू टॉट यू?” मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने.

तर मी पास झाले. आणि आता तो भाग, जो तू एकट्यानं वाचायचा आहेस. सही घ्यायला तिने फाइल माझ्याकडे फिरवली. वरचा कागद माझा होता, त्याखालचा थोडा बाहेर आलेला. तुझी सही मला कुठेही ओळखू येते. तारीख दिवाळीनंतरच्या मंगळवारची, म्हणजे माझ्या चकल्या अजून तुझ्या डब्यात असतील. मी विचारलं, बघू का, तर ती म्हणाली, बघा. थर्मासची गोष्ट अख्खी लिहिली होतीस, इंग्रजीत, त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी गाडीत येऊन बसले आणि काच धूसर होईपर्यंत रडले. मग डीफ्रॉस्टर लावला, काच साफ होईपर्यंत थांबले, आणि घरी आले. येताना सीमाच्या दारात गेले आणि तिची माफी मागितली. कशाबद्दल, ते तिला सांगता येईना. ती बिचारी मलाच चहा पाजत बसली.

तू घाबरलास हे मला कळतं. दोन हजार मैलांवर बसून इथल्या बर्फाचे इशारे फोनवर बघताना तुझं काय होत असेल ते मी आई आहे म्हणून जाणते. पण घाबरलास तर माझ्याशी भांडायचंस, चार वेळा भांडायचंस, दार आपटून जायचंस. मी विश्वासानं सांगितलेली गोष्ट माझ्या पाठीमागे सरकारला कळवायची नव्हती. त्याचा मला राग आलाय, आणि तो एवढ्यात जाणार नाही. मी चालवणार आहे. उद्या सोमवार आहे, उद्याही चालवणार. ज्या दिवशी मला समोरचं दिसेनासं होईल किंवा माझा पाय वेळेवर पडणार नाही, त्या दिवशी मी आपणहून थांबेन, आणि तो दिवस कोणता हे मी आणि डॉक्टर ठरवू. बाबांना यातलं काही माहीत नाही आणि माझ्याकडून कधी कळणार नाही. त्यांना वाटतं, तू माझ्या पास होण्यावर खूश होशील. गेले पाच आठवडे तू फोनवर हवापाणी विचारतोस आणि मध्येच गप्प होतोस. परीक्षेचं काय झालं हे तुला विचारायचं असतं, पण मी तुला परीक्षेबद्दल सांगितलेलंच नाही, त्यामुळे विचारता येत नाही. ते तुझं गप्प होणं मला ऐकवत नाही, बाळा. तेवीस तारखेला तू घरी येशील आणि बाबांसमोर माझी नजर चुकवत चार दिवस काढशील, ते मला नकोय, म्हणून हे पत्र. आता मला सगळं माहीत आहे, तुला लपवायचं काही राहिलं नाही. डेट्रॉइटच्या विमानतळावर मीच न्यायला येणार आहे. टॅक्सी केलीस तर दार उघडणार नाही. पुढच्या सीटवर बस, पट्टा लाव, आणि घरी पोचायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात तुला जे काय म्हणायचंय ते माझ्या तोंडावर म्हण.

तुझीच,
लायसन्स शाबूत असलेली,
आई